सुक्याच्या चाकांपेक्षा चकचकीत

बुधवार, २२ मार्च १९३९. पाडवा.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. बायकोला, सुंदरबाईला, अक्षरओळख नाही, त्यामुळे घरात उघडी पडली तरी बिघडत नाही. तरीही धान्याच्या कोठीमागे ठेवणार, कारण सुक्या आला की प्रत्येक वस्तू उचलून बघतो.

सुक्या म्हणजे सुकदेव, माझा धाकटा भाऊ. जळगावला कापसाची दलाली करतो. मी धुळ्याला कापसाच्या जीनमध्ये हेडक्लार्क, राहणार देवपूर, वडिलांच्याच घरात. मला सगळे नाना म्हणतात. त्याला लोक शेठ म्हणायला लागले आहेत. कापूस त्याने पिकवला नाही, पिंजला नाही, नुसता हातात धरून 'वा' म्हणाला की शेठ.

आज तो नव्या मोटारीतून पाडव्याला आला. मोटार ठीक. रंग जरा भडक. पण चाकं तारांची आणि सगळी क्रोमची. दारात उभी राहिली तर समोरच्या भिंतीवर उजेड नाचायला लागला. गल्लीतली माणसं चाकासमोर उकिडवी बसून आपापली तोंडं बघत होती. सुंदरबाईने ताट आणलं, चाकाला कुंकू लावलं, वर नारळ फोडला. माझी मोटार दीड वर्ष त्याच दारात उभी आहे. रिटायर झालेल्या साहेबाकडून घेतलेली. तिला अजून कुंकवाचं बोट लागलेलं नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घातली होती, ती बकरीने खाल्ली.

मत्सर माझ्या स्वभावात नाही. पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे शंका नको.

संकल्प: माझ्या मोटारीलाही क्रोमची चाकं.

शुक्रवार, २४ मार्च

अक्काचं पत्र. अक्का म्हणजे आमची थोरली बहीण मंजुळाबाई, दिलेली पहूरला. तिच्या प्रमिलाचं लग्न ठरलं. मुलगा पाचोऱ्याकडचा, शाळामास्तर. लग्न पहूरलाच, सोमवार ८ मे, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी.

पत्रात दोन गोष्टी. एक, थोरला मामा म्हणून प्रमिलाला बोहल्यावर मी आणायचं. ते आहेच, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. दुसरी गोष्ट महत्त्वाची. पाठवणीला मोटार असावी असं अक्काच्या मनात आहे. 'तुम्हा दोघांपैकी कोणाची ते तुम्हीच ठरवा.'

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. तुम्हीच ठरवा म्हणजे सुक्याची, हे लहान पोराला कळेल. वडील पोळ्याला बैल मिरवायला काढायचे तेव्हाही असंच म्हणायचे, तुम्हीच ठरवा. मग कासरा सुक्याच्या हातात आणि मी शेपटीकडे. सगळ्या गावाने बैलाबरोबर सुक्याला बघितलं. मला फक्त बैलाने बघितलं, तेही मान वळवून.

या वेळी नाही.

रविवार, २६ मार्च

आग्रा रोडवर सत्तार मिस्त्रीकडे गेलो. माणूस गुणी, पण बोलतो फार. त्याच्या पडवीत मागे क्रोमची पाच चाकं पडलेली. लळिंगच्या घाटात कुणाची मोटार आपटली होती, तिची. माझ्या मोटारीला मापाने बरोबर. एका चाकाला साठ तारा. मोजल्या. गंज भरपूर आहे, पण खाली क्रोम आहे हे मी नखाने खरवडून बघितलं.

सत्तारने न विचारता उपदेश केला. आधी साबणाच्या पाण्याने धुवा. मग रॉकेलचा बोळा. मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद ओला करून एकेक तार हलक्या हाताने घासा. शेवटी मेण. राख नको, विटकर नको, चिंच तर नकोच. क्रोमचा थर कांद्याच्या सालीएवढा असतो, म्हणाला, गेला की गेला. आणि एका चाकाला आठ दिवस लागतील.

आठ दिवस. मिस्त्री लोकांना काम लांबवायची सवय असते. आणि मी सिगारेट ओढत नाही. लोकांनी फेकलेली पाकिटं वेचत देवपुरात फिरणं हेडक्लार्कला शोभणार नाही.

निघताना सत्तार म्हणाला, तुमचे भाऊ मागे महिनाभर इथेच येऊन बसायचे. मी म्हटलं, माणूस ओळखण्यात चूक होते आहे. नव्या मोटारवाल्याला मिस्त्रीचं काय काम? सत्तारची आठवण कच्ची झाली आहे.

सोमवार, २७ मार्च

चाकं घरी आणली. मागच्या अंगणात मांडली. टाइमटेबल केलं: दिवसाला एक चाक, शुक्रवारी पाचही तयार. शनिवारी मोटारीला बसवून जळगावला सहज चक्कर. सुक्याच्या दारावरून दोनदा जायचं. थांबायचं नाही.

बुधवार, २९ मार्च

साबण आणि रॉकेल झालं. पहिल्या चाकाच्या सात तारा झाल्या. त्यांतल्या तीन सत्तारच्या पद्धतीने, कारण जीनच्या मॅनेजरच्या टेबलाखाली एक रिकामं पाकीट सापडलं. त्या तीन बऱ्या निघाल्या हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण त्याला दोन तास लागले आणि कंबर धरली.

तारा साठच्या ऐवजी तीस का करत नाहीत कळत नाही.

रविवार, २ एप्रिल

पद्धत बदलली. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी शेकडो वर्षं चिंचेने लख्ख होतात. देवघरातली समई माझ्या आजीपासून चिंचेवर आहे आणि अजून तोंड दिसतं. क्रोम काय समईपेक्षा मोठं लागून गेलं? चिंच, वर बारीक विटकर, हातात काथ्या. एका सकाळी दोन चाकं उरकली, पहिलं धरून. सत्तारचे सोळा दिवस मी चार तासांत केले.

सुंदरबाई मागच्या दारात येऊन उभी राहिली. ती साक्रीकडची, रागावली की अहिराणीत येते. म्हणाली, "घरनी बठ्ठी चिच सरी गई, आते वरणमा काय टाकू?" मी तिला कला समजावून सांगितली. ती म्हणाली, तिच्या बापाच्या घरी बैलगाडी शे, तिची चाकं कुणी आमटीत घालत नाही.

चाकं जरा मंद दिसतात. पांढरट, आणि मध्येमध्ये पिवळी. जुना थर निघतो आहे. खालचं खरं तेज आता वर येईल.

मंगळवार, ४ एप्रिल

आज एकवीरेची जत्रा. सुक्या बायकोमुलांना घेऊन मोटारीने आला. आम्हालाही बसा म्हणाला. मी म्हटलं, देवीला पायी जायचा माझा नेम आहे. असा नेम नव्हता, पण आजपासून आहे. सुंदरबाई बसून गेली.

पांझरेच्या काठाने चालत गेलो. वाटेत पाच ओळखीचे भेटले. पाचही जणांनी विचारलं, सुकदेवशेठची मोटार आली म्हणे? एकानेही विचारलं नाही, नाना, चालत का?

खरं लिहायचं तर छातीत दुखलं. ऊन असावं.

खरं तेज अजून वर आलेलं नाही. दोन चाकांचा क्रोम जागोजाग गेला, खालून काळं लोखंड दिसतं. चिंच जुनी होती.

रविवार, ९ एप्रिल

आज सकाळी चहा पिताना सुचलं. पातेल्याची चकाकी गेली तर आपण पातेलं टाकून देतो का? कल्हई करतो. मग चाकाला का नाही? सगळ्या हिंदुस्थानात मोटारवाले असतील, इंजिनिअर असतील, हे कुणाला सुचलेलं नाही. सुक्याला तर जन्मात सुचणार नाही. पेटंट कसं काढतात ते मॅनेजरसाहेबांना आडून विचारणार.

सोमवार, १० एप्रिल

शकीलभाई कल्हईवाल्याला बोलावलं. त्याने चाक उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, नाना, हे भांडं नाही. मी म्हटलं, गोल आहे, धातूचं आहे, काळं पडलं आहे, अजून भांड्याला काय लागतं? तो म्हणाला, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, श्रेयही माझंच.

भट्टी पेटवली. चाक चांगलं तापवलं, नवसागर मारला, धूर झाला, शेजारच्या ओट्यावरची म्हातारी खोकत आत गेली. कथील काही ठिकाणी धरलं, काही ठिकाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. उरलासुरला क्रोम निळा, जांभळा, सोनेरी झाला. मोराच्या पिसासारखा. शकीलभाई म्हणाला जळाला. मी म्हटलं, हा रंग सुक्याच्या चाकांना आहे का?

चिंचवाली दोन चाकं झाली आणि कोळसा संपला. एका परीने बरं झालं.

गुरुवार, १३ एप्रिल

चार चाकं मोटारीला बसवली, पाचवं मागे बांधलं. कल्हईची दोन मागच्या बाजूला, कारण खास वस्तू शेवटी दिसावी. पुलापर्यंत फेरी मारली. मोटार मागून डुलते. लग्नातल्या बायका पाण्याची घागर घेऊन चालतात, तशी. रस्ता खराब आहे.

शनिवार, १५ एप्रिल

रस्ता खराब नाही. सत्तारने जॅक लावून चाक फिरवलं. मग एकेक तार बोटाने वाजवून दाखवली. आगीने तारांचा ताण गेला, म्हणाला. विणलेल्या खाटेला आग लावल्यासारखं केलं तुम्ही. तारा आवळून त्याने चाक जमेल तेवढं सरळ केलं. पहूरपर्यंत जाईल, हळू चालवा, म्हणाला. आणि पुढच्या दोन चाकांना आता हात लावू नका, मी सांगितलं तसंच करा. चंदेरी कागदाचा एक गठ्ठाही दिला. तो महिनोन् महिने जमवतो म्हणे.

घेतला. वापरीनच असं नाही.

शनिवार, २२ एप्रिल. अखाजी.

अक्का अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आली. प्रमिलाही बरोबर. दोघी जळगावपर्यंत गाडीने आणि तिथून पुढे सुक्याच्या मोटारीतून आल्या. अक्का उतरली ती त्याच मोटारीचं कौतुक करत. कशी गार वाऱ्यासारखी येते, पोटातलं पाणी हलत नाही. माझ्या मोटारीकडे बघून म्हणाली, नाना, ही अजून चालते?

बायका झोक्याकडे गेल्या. मी मागच्या अंगणात पुढच्या उजव्या चाकापाशी बसलो. थोड्या वेळाने प्रमिला आली. सतरा वर्षांची झाली, पण बसण्याची ढब लहानपणचीच, फतकल मारून. काही न विचारता गठ्ठ्यातला एक चंदेरी कागद घेतला, ओला केला आणि तार घासायला लागली. घाई नाही, जोर नाही. एक झाली की दुसरी.

मी तिला पाठवणीची आखणी सांगितली. मोटार कुठे उभी करायची, ऊन कोणत्या बाजूने येईल, म्हणजे चाकं वऱ्हाडाच्या डोळ्यांवर चमकतील. ती ऐकत होती. मग म्हणाली, "नानामामा, मला तुम्हीच न्यायचं बोहल्यावर. मला सगळ्यांसमोर चालायची भीती वाटते. पांझरेला पाणी होतं तेव्हा नेलं होतं ना, तसं न्या."

ती पाच वर्षांची असताना मी तिला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली होती. पाणी कमरेला होतं. सगळा वेळ तिने माझा कान धरून ठेवला होता. ते तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.

हो म्हणालो. मग तिला विचारलं, सुकामामाच्या चाकाची तार जाड आहे की आपली? ती म्हणाली, बघितलं नाही.

नोंद: प्रमिलाने चार तारा केल्या. चारही उत्तम.

रविवार, ३० एप्रिल

हिशेबाप्रमाणे पुढची दोन्ही चाकं पूर्ण व्हायला हवी होती. प्रमिलाच्या चार तारांपुढे काम गेलेलं नाही. जीनमध्ये सीझन संपतानाची धांदल. शिवाय उकाडा. शिवाय सुक्याचं कार्ड आलं: भाऊ, लग्नाला माझ्याबरोबर चला, सगळे एका मोटारीत मावू. मावू! म्हणजे मी मागे बसायचं, पायाशी ट्रंक, आणि पहूरने बघायचं की थोरला धाकट्याच्या मोटारीतून आला.

कार्डाला उत्तर दिलं नाही. त्या रागात दोन दिवस गेले.

शनिवार, ६ मे. जळगाव.

पहाटे निघालो. सुंदरबाईने गाडीत बसायच्या आधी मोटारीला कुंकू लावलं. मला आनंद झाला. ती म्हणाली, सुखरूप पोचावी म्हणून. तरी लावलं.

एरंडोलपर्यंत तीन वेळा थांबलो. मागची चाकं पुन्हा डुलायला लागली. एक बैलगाडी आम्हाला मागे टाकून गेली, मग तिची वाट चुकली म्हणून परत आली आणि पुन्हा मागे टाकून गेली. कथील बरंचसं वाटेत गळालं. सुंदरबाई उतरून चालत होती आणि तरी पुढे होती.

जळगावला मुक्काम, ओळखीच्यांकडे. सुक्याकडे नाही.

रविवार, ७ मे. पहूर.

दुपारी पोचलो. मांडव मोठा घातला आहे. मांडवाच्या शेजारी दोन मोटारींची जागा. सावलीतल्या जागेवर सुक्याची मोटार आधीच. मी बाजूला उन्हात लावली. एका अर्थी उत्तमच, चाकं उन्हातच चमकतात.

चमकत नाहीत. मागची दोन काळीनिळी, पुढची दोन गंजाची आणि धुळीची. शेजारी त्याची. वऱ्हाडी येऊन त्याच्या चाकांत फेटे सारखे करत होते.

संध्याकाळी सुक्या माझ्याकडे आला. हातात साबणाचं पाणी आणि फडकं. सदरा काढून खाली बसला आणि माझं डावं चाक धुवायला लागला. मी म्हटलं, काही गरज नाही. तो हळूच म्हणाला, "भाऊ, माझीपण जुनीच आहेत. सत्तारकडचीच. दलालीच्या कामाने महिनाभर धुळ्यात उतरलो होतो, तेव्हा रोज सकाळी घासली मी. मोटारही नवी नाही, रंग दिला आहे. तुम्हाला सांगणार होतो, पण पाडव्याला तुमचं तोंड बघून धीर झाला नाही."

काय हा डाव. आधी चमकवायचं आणि मग गरिबीचं सोंग करायचं. त्याला म्हटलं, तू जा, व्याह्यांकडे बघ. तो फडकं तिथेच ठेवून गेला. त्याने धुतलेल्या बाजूला जरा उजळ दिसतं. पाणी पहूरचं चांगलं आहे.

मग चिंधा आला. चिंधा अक्काचा म्हातारा सालदार, तिचे बैल तोच बघतो. माझी धडपड बघून म्हणाला, नाना, माझ्याकडे बेगड आहे. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतो ती चंदेरी. उद्या बैलांना लावायची म्हणून मुद्दाम आणून ठेवली आहे, पण तुमची नड मोठी दिसते.

देवच आला. पिठाची खळ शिजवून घेतली आणि दिवस मावळायच्या आत चारही चाकांवर बेगड डकवली. लांबून बघितलं. खोटं लिहीत नाही, सुक्याच्या चाकांपेक्षा चकचकीत.

सोमवार, ८ मे. सकाळी ६.

सर्वनाश. गोठ्यातलं वासरू सुटलं होतं. तीन चाकांवरची खळ चाटून गेलं, बेगडीसकट. वासराच्या तोंडाला चांदी लागली आहे आणि ते आनंदात आहे. चिंधा म्हणाला, शिंगांपर्यंत जीभ पोचत नाही, म्हणून बैलांवर टिकते. हे कालच सांगायला काय झालं होतं?

बेगड थोडी उरली आहे. पुरवून पुरवून लावणार. टाइम आहे.

सकाळी ९.

मागची दोन झाली. फोटोग्राफर आला आहे, जळगावचा, तीन पायांचा कॅमेरा घेऊन. म्हणजे आता तर झालंच पाहिजे. अक्काने निरोप पाठवला, अंघोळ करून फेटा बांधा. येतो म्हटलं.

सकाळी ९.५०.

पेन्सिलीने लिहितो, रोजनिशी मोटारीच्या पायरीवर. मागच्या चाकांना आतूनही बेगड हवी, नाहीतर बाजूने बघणाऱ्याला काळं दिसेल, आणि सुक्याचा सासरा नेमका बाजूने बघतो. आडवा होऊन आत शिरतो आहे. चिंधा येऊन म्हणाला, भटजींनी मुहूर्ताची घटिका पाण्यात सोडली, नाना चला. पाच मिनिटं म्हटलं. पुढचं उजवं चाक तेवढं राहिलं आहे. वाजंत्री फार मोठ्याने वाजते.

संध्याकाळी.

मुहूर्त आधी लावला असावा. माझ्या घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. घड्याळ काल रस्त्यात हादरलं, तेही खरं.

मी मोटारीखालून बाहेर आलो तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. अंगावर खळ, हाताला चांदी. अंतरपाटाच्या अलीकडे प्रमिला, आणि तिच्या मागे मामाच्या जागेवर सुक्या.

सुंदरबाईने नंतर सांगितलं. सुक्या दारात अडून उभा होता. म्हणत होता, भाऊ आल्याशिवाय मी हात लावणार नाही, मान त्यांचा आहे. भटजी ओरडले, घटिका बुडाली. अक्का रडायला आली. चिंधा दुसऱ्यांदा मला हाक मारून गेला. ती हाक मी ऐकली होती. मला वाटलं, चाकं बघायला लोक जमले आहेत, सगळं झाल्यावर दाखवू. शेवटी प्रमिलानेच सुक्याचा हात धरला.

अक्का माझ्याकडे पाठ करून पंगती वाढायला गेली. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाठवणीबद्दल. मुलाकडच्यांनी पाचोऱ्याच्या छोट्या आगगाडीचा एक डबा आधीच सांगून ठेवला होता. तो मास्तर मोटारीत बसला की त्याला ओकाऱ्या होतात. त्यामुळे स्टेशनपर्यंत मुलगी चिंधाच्या धमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून गेली. मोटार कुणाचीच लागली नाही. माझीही नाही, सुक्याचीही नाही.

चिंधा रस्ताभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, बैलांची शिंगं बोडकी आहेत त्याला मी काय करू, बेगड नानांच्या चाकांना गेली.

धमणीत बसताना प्रमिला सगळ्यांच्या पाया पडली. माझ्याही. वर बघितलं नाही. मी आशीर्वाद नुसता तोंडाने दिला. हात मागे ठेवले होते, चांदी निघत नव्हती.

शुक्रवार, १२ मे. देवपूर.

सुक्याने मागे दोरी लावून मोटार धुळ्यापर्यंत आणली. वाटेत मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. पुढे सगळा वेळ त्याची मागची चाकं. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून रस्त्याच्या कडेची झाडं बघत आलो.

संकल्प काही नाही.

सोमवार, २९ मे

टपालाने फोटो आला. प्रमिलाने पाठवला, पाचोऱ्याहून.

पाहिला. दारातून मांडवाकडे येताना प्रमिला, मान खाली, सुक्याने तिचा दंड धरला आहे. सुक्या कॅमेऱ्याकडे बघत नाही, मोटारींकडे बघतो आहे, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मागे कोपऱ्यात दोन मोटारी. एकीखालून दोन पाय बाहेर आलेले.

सुंदरबाई ओट्यावर फोटो उन्हात धरून बसली. म्हणाली, "यामा तुम्ही कोठे शेतस?" मी बोट ठेवलं. ती हसेल असं वाटलं. तिने पदराने फोटोवरची धूळ पुसली आणि आत नेऊन देवघराशेजारी टेकवून ठेवला.

मागच्या बाजूला प्रमिलाचं अक्षर आहे. नानामामा, मी थांबले होते.

मी फोटो पुन्हा बाहेर आणून बघितला. भिंग लावून. पायांच्या अलीकडे माझं पुढचं उजवं चाक आलं आहे, बेगड लावायची राहिली होती ते. काळं आलं आहे. त्यात चार तारा चमकतात. मोजल्या.